‘उलटली तर उभी कोण करणार?’ असं विचारणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

त्या संध्याकाळी तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. मुलं शिडं गुंडाळत होती, कुणाचं तरी लाइफ जॅकेट सापडत नव्हतं, आणि तेवढ्यात तुम्ही हात हलवून निघूनही गेलात. खरं सांगायचं तर मी जरा नाराज होतो. कित्येक महिने शोधून मी मुलांसाठी एक कॅटमरान, म्हणजे दोन लांबट पोटं शेजारी-शेजारी जोडलेली शिडाची बोट, नक्की केली होती आणि तुम्ही ती अर्ध्या तासात मोडीत काढली होती. आज त्याला वर्ष झालं. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण मुलांसाठी पहिली कॅटमरान शोधणारे माझ्यासारखे पालक अजून बरेच आहेत. तुम्ही मला जे विचारलंत, ते त्यांच्याही कानावर पडायला हवं.

आमची मुलं अकरा ते पंधरा वर्षांची. सगळी ऑप्टिमिस्टवर शिकलेली. ती बोट अवघी 2.36 मीटर लांब आणि 35 किलोची, एका लहान मुलासाठीच बनवलेली. थोरल्यांचे गुडघे तिच्यात मावेनासे झाले होते. शिवाय एकेकट्याने शीड हाकून त्यांना कंटाळा आला होता, त्यांना जोडीनं जायचं होतं. मी विचार केला, कॅटमरान घ्यावी. दोन हल, म्हणजे ती तरंगणारी पोटं, मधे बसायला ताणून बांधलेलं ऐसपैस ट्रॅम्पोलिन, जरा हललं की कलंडायची भीती नाही. वेगही भरपूर. म्हणजे सुरक्षितही आणि मजाही. तेव्हा सोळा फुटी, फायबरग्लासची, दोन शिडांची एक जुनी बोट विकायला निघाली होती. रंग छान होता आणि शिडं अजून कडक होती. मी जवळजवळ शब्द देऊनच बसलो होतो.

तुम्ही आलात, बोटीभोवती एक चक्कर मारलीत आणि विचारलंत, “उलटली तर उभी कोण करणार?”

मी म्हणालो, कॅटमरान सहसा उलटत नाही. तुमचं उत्तर मला शब्दन्‌शब्द आठवतंय. “उलटत नाही, बरोबर. पण एकदा उलटली की तिला तसंच पडून राहायला आवडतं.”

तोवर मी ही गोष्ट या बाजूने कधी बघितलीच नव्हती. ज्या रुंदीमुळे ती सरळ असताना पक्की बसते, त्याच रुंदीमुळे पालथी झाल्यावरही ती तितकीच पक्की बसते. एका हलची लहान बोट कलंडली की मूल सेंटरबोर्डवर, म्हणजे बोटीखालच्या उभ्या फळीवर, उभं राहून एकटं तिला सरळ करतं. कॅटमरान आडवी झाली आणि वेळेवर उचलली नाही, तर डोलकाठी हळूहळू पाण्याखाली जाते, बोट पूर्ण पालथी होते, आणि मग मोटरबोट येईपर्यंत मुलांना हलवर बसून वाट बघावी लागते.

मग तुम्ही सगळ्यांत लहान जोडीला बोलावलंत आणि त्यांची वजनं विचारलीत. 38 आणि 41. ओल्या वाळूत बोटाने 79 लिहिलंत, शेजारी 129 लिहिलंत. हॉबी 16 या सोळा फुटी कॅटमरानच्या शर्यतींत दोन खलाशांचं मिळून किमान 129 किलो वजन मागतात, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. ती बोट स्वतः 145 किलोची, शीड 20 चौरस मीटरच्या वर, डोलकाठी 8 मीटरची. 1970 च्या सुमारास हॉबी आल्टर यांनी ती आणली आणि आजही जगभर लोक तिच्यावर जीव टाकतात. बोट उत्तमच आहे, पण ती या 79 किलोंसाठी नाही, असं तुम्ही म्हणालात. आणि आमच्यासमोरची बोटही त्याच मापाची होती.

मला वाटत होतं, बोट उभी करताना दोन हलचं वजन उचलावं लागतं. तसं नाही, हे तुम्ही काडीचं बोटकुळं करून दाखवलंत. बोट आडवी पडली की वरचा हल खालच्या हलच्या जवळजवळ डोक्यावर असतो, त्याचा फारसा भार येत नाही. जोर लावायचा असतो तो पाण्यावर लांब पसरलेल्या डोलकाठीला आणि पाणी धरून बसलेल्या शिडाला. म्हणून बोट निवडताना तिच्या वजनाइतकंच डोलकाठीची उंची आणि शिडाचा आकार बघायचा. हे कुठल्याही माहितीपत्रकात मला सापडलं नव्हतं. तिथे वेग होता, लांबी होती आणि “किती जण बसतील” होतं. किती वजनाची मुलं तिला उभी करू शकतील, हे नव्हतं.

त्यानंतर तुमचा अंगठा. तुम्ही डेकवर, पुढच्या आडव्या दांडीच्या आसपास, अंगठ्याने दाबत दाबत गेलात. एका जागी डेक किंचित दबला, पिकत आलेल्या फळाची साल दबावी तसा. मग खिशातून नाणं काढलंत आणि ठोकत निघालात. टक, टक, टक, आणि त्या जागी आल्यावर एकदम ठप. आतला फोम आणि फायबरग्लासचा थर एकमेकांपासून सुटलाय, असं सांगून तुम्ही माझं बोट तिथे ठेवलंत. तो फरक एकदा कानाला कळला की विसरता येत नाही. विकणाऱ्याला हे ठाऊक होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. पण मला ठाऊक नव्हतं, आणि त्या डेकवर नऊ मुलं उड्या मारणार होती.

डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारांवरून तुम्ही कापसाचा बोळा फिरवलात. दोन ठिकाणी तो अडकला, कारण तिथे तारेचे पदर तुटून वर आले होते. ट्रॅम्पोलिनची शिवण नखाने उसकून बघितलीत, उन्हाने दोरा जळला होता. हलला साबणाचं पाणी लावून आत हलकीशी हवा फुंकायची आणि बुडबुडे कुठे येतात ते बघायचं, ही युक्ती तुम्ही सांगितलीत. नंतर तीन बोटी बघायला गेलो तेव्हा मी ती वापरली. दोन बोटींत बुडबुडे आले.

शेवटी आम्ही तुम्ही सांगितलेल्या धर्तीची बोट घेतली. हॉबी वेव्ह. तेरा फुटी, साच्यात फिरवून ओतलेल्या पॉलिथिलिनची, साधारण 111 किलोची. डोलकाठी आखूड, सुरुवातीला एकच शीड, आणि त्याखाली बूम, म्हणजे शीड ताणून धरणारी आडवी दांडी, नाही. या बूम नसण्याचं महत्त्व मला पहिल्या आठवड्यातच कळलं. जाइब करताना, म्हणजे वारा पाठीशी घेऊन वळताना शीड एका बाजूहून दुसरीकडे जातं तेव्हा, मुलं मान वाकवायला विसरतात, सगळीच विसरतात. डोक्यावरून नुसतं कापड गेलं.

प्लास्टिकच्या हलबद्दल माझ्या मनात अढी होती, हे तुम्हाला जाणवलं होतं. फायबरग्लास हलकं असतं, ताठ असतं, पाण्यावर सरसर जातं. पॉलिथिलिन जड, किंचित लवचिक, आणि फाटलं तर दुरुस्तीला कटकटीचं. पण शिकणारी मुलं बोट किनाऱ्यावर नावाड्यासारखी अलगद लावत नाहीत, ती तिला वाळूत घुसवतात. वर्षभरात आमच्या हलखाली ओरखड्यांची जाळी झालीय, आणि एकदाही दुरुस्तीचं सामान काढावं लागलेलं नाही. फायबरग्लासची असती तर अर्धा मोसम ती स्टँडवर आणि मुलं किनाऱ्यावर बसली असती. तिला डॅगरबोर्ड, म्हणजे खाली-वर करायच्या फळ्याही नाहीत, हललाच धरून ओतलेले स्केग, म्हणजे खालचे पक्के कल्ले, आहेत. सुकाणूची पाती जमिनीला लागली की आपोआप वर उचलली जातात. मुलांनी विसरण्यासारख्या दोन गोष्टी कमी झाल्या.

चाकांबद्दल मात्र मी तुमचं ऐकलं नव्हतं, मऊ वाळूत चालणारी रुंद चाकं नंतर घेऊ म्हटलं. पहिल्या महिन्यात रोज बोट पाण्यापर्यंत उचलून नेण्यातच मुलांचे दंड भरून यायचे आणि पाण्यात उतरेपर्यंत ती थकलेली असायची. आता चाकं आहेत. तुमची क्षमा मागतो.

डोलकाठीच्या टोकावरचा तो फुगीर तरंगता गोळा मोठ्या मुलांना आवडला नव्हता, “लहान मुलांची बोट वाटते” म्हणाली. तो राहिलाच पाहिजे, असं तुम्ही बजावलं होतंत. त्याच्यामुळे बोट आडवी होते पण पालथी होत नाही, आणि मुलांना पुढचं काय ते आठवायला वेळ मिळतो.

आठवायला वेळ लागतोच. उलटवायचा पहिला सराव आम्ही केला तो दिवस तुम्हाला सांगायचा आहे. तुम्ही म्हणालात तसं, डोलकाठीच्या उंचीहून खोल पाणी शोधलं. मी आधी कमरेएवढ्या पाण्यात करणार होतो, तेच सुरक्षित वाटत होतं. पण उथळ पाण्यात काठीचं टोक चिखलात रुततं आणि मग कुणाचाच इलाज चालत नाही. मोटरबोट शेजारी ठेवली, बंद नाही, चालू. पहिली जोडी तीच, 38 आणि 41 ची. बोट आडवी झाली. दोघं वर आली, एकमेकांना हाक मारली, डोकी मोजली. शिडाचा दोर सोडला. धाकटा पोहत पुढे गेला आणि पुढच्या टोकाला लोंबकळून त्यानं ते वाऱ्याकडे वळू दिलं. मग दोघं खालच्या हलवर चढली, दोरी अंगावर घेतली आणि मागे रेलली.

काहीच झालं नाही. बोट हलेना. मी मोटरबोटीवरून पुढे होणार होतो, पण तुमचं वाक्य आठवलं, “त्यांना थांबू द्या, शिडातलं पाणी निथळायला वेळ लागतो.” मी थांबलो. दोघं तशीच रेलून राहिली, पाठ पाण्याला टेकायला आलेली, दात आवळलेले. काठीचं टोक वीतभर वर आलं. शिडाखाली वारा शिरला आणि मग एकदम, एका दमात, बोट उभी राहिली. वरचा हल धाडकन खाली येतो, तेव्हा डोकं सांभाळायचं आणि पुढची दांडी पकडून ठेवायची, नाहीतर बोट आपल्याला सोडून निघते. दोघांनी दांडीला मिठीच मारली होती. किनाऱ्यावरच्या सात जणांनी जो आरडाओरडा केला, तो मी लिहून कळवू शकत नाही.

त्या दिवसापासून मुलं वाऱ्याला घाबरेनाशी झाली. आधी एक हल पाण्यावेगळा झाला की हात गोठायचे. आता शिडाचा दोर ढिला करतात, हल खाली येतो, पुन्हा ओढतात. उलटलो तर आपणच उभं करू, हे माहीत असल्यावर शिकायला डोकं मोकळं राहतं. टॅक करताना, म्हणजे वाऱ्याकडे तोंड फिरवून पलीकडे वळताना, वाऱ्याच्या तोंडाशी अडकणं अजून होतं. कॅटमरानला वळायला आधी वेग लागतो, हे एका हलच्या बोटीवरून आलेल्या मुलांच्या अंगात उतरायला वेळ लागतो. अडकलं की बोट मागे सरकू द्यायची आणि सुकाणू उलटं फिरवायचं, हे आता त्यांना येतं.

आमच्यातली सर्वांत थोरली मुलगी तुम्हाला आठवत असेल. तिनं तुम्हाला थेट विचारलं होतं, की आम्हाला अशी संथ बोट का, ऑलिम्पिकमध्ये नाक्रा 17 पाण्यावरून उडते तशी का नाही? तुम्ही तिला उडवून लावलं नाहीत. तिच्याशेजारी बसून तुम्ही वाट आखून दिलीत. आधी ही. मग तिला जिब, म्हणजे पुढचं छोटं शीड. त्यानंतर हॉबी ड्रॅगूनसारखी, मुलांच्याच मापाची पण ट्रॅपीझ (तारेला लटकून बोटीबाहेर रेलायची सोय) आणि जेनेकर (पुढचं मोठं, फुगीर शीड) असलेली बोट. पुढे नाक्रा 15, जी तरुणांच्या जागतिक स्पर्धेत असते. नाक्रा 17 त्याच्याही पुढे, आणि तिच्यावर एक पुरुष आणि एक स्त्री असेच दोघं लागतात, हे ऐकल्यावर तिचे डोळे जे चमकले, ते मला अजून दिसतात. ट्रॅपीझआधी हार्नेसचा, म्हणजे त्या तारेला अडकवायच्या अंगावरच्या पट्ट्यांचा, हूक पाण्याखाली, डोळे मिटून सोडवता आला पाहिजे, ही तुमची अट ती आता स्वतः धाकट्यांना सांगते. कॅटमरान हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून आला, म्हणजे बांधलेली लाकडं, हेही तुम्हीच तिला सांगितलंत. तिनं ते बोटीच्या चाकांवर रंगवून ठेवलंय.

डोलकाठी उभी करण्याआधी सगळी मुलं वर बघून वीजतारा आहेत का ते मोठ्याने सांगतात. ॲल्युमिनियमची काठी आणि वीजतार यांच्याबद्दल तुम्ही आवाज चढवून बोललात ती एकच वेळ. ते कुणीही विसरलेलं नाही.

ताई, तुम्ही आला नसतात तर मी ती सोळा फुटी बोट घेतली असती. देखणी होती. पहिल्याच जोराच्या वाऱ्यात मुलांना मोटरबोटीने ओढून आणावं लागलं असतं, दुसऱ्यांदाही, आणि तिसऱ्यांदा त्यांतली निम्मी आलीच नसती. तुम्ही एक दिवस दिलात, काही मागितलं नाहीत, आणि मला न आवडणारी गोष्ट मला स्पष्ट सांगितलीत. त्याबद्दल मी मनापासून तुमचा ऋणी आहे. मुलंही आहेत, त्यांनी सांगायला सांगितलंय.

थोरल्या दोघी आता मिळून 112 किलोंच्या झाल्यात. जिबसकट तिला सहज उभी करतात आणि पुढची बोट कधी, म्हणून रोज विचारतात. एक जुनी बघून ठेवलीय. तुम्हाला सवड असेल त्या दिवशी या. कापूस आणि साबण आणतो, आणि नाणं खिशात आहेच.

आपला,
मुलांबरोबर पाण्यावर येणारा एक पालक