कॅमेरा कुणाच्या हातात

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

"सव्वा तास एक माणूस घरात नुसता फिरतोय, चहा पितोय, फोन करतोय. यात बघायचं काय, आई?" 'धिस इज नॉट अ फिल्म'बद्दल एवढंच म्हणालास आणि तुझी रेंज गेली. परत फोन केला असता, पण तुझं "हां हां, कळलं" सुरू झालं असतं. म्हणून लिहितेय. मोबाइलवर एवढं टाइप करायला माझा अंगठा धजत नाही. शिवाय तंबोरे बनवणाऱ्या मामावर फिल्म करायला तू निघालायस, तेव्हा हे वाचायला वेळ काढावाच लागेल.

त्या घरात फिरणारा माणूस म्हणजे इराणी दिग्दर्शक जाफर पनाही, हे तुला माहीत आहे. पण तो घरात का आहे, ते तू नीट ऐकून घेतलं नसावंस. २००९च्या निवडणुकीनंतर इराणमध्ये लोक रस्त्यावर उतरले. पनाही उघडपणे त्यांच्या बाजूने होता. १ मार्च २०१०ला त्याच्या घरी धाड पडली. बायको, मुलगी, जमलेली मित्रमंडळी, सगळ्यांना उचललं. बाकीचे पुढे सुटत गेले, हा राहिला तेहरानच्या एविन तुरुंगात. मे महिन्यात उपोषणाला बसला, तेव्हा कुठे जामीन मिळाला. डिसेंबरात निकाल लागला: सहा वर्षं तुरुंग, आणि वीस वर्षं सिनेमा करायचा नाही, पटकथा लिहायची नाही, मुलाखत द्यायची नाही, हज किंवा औषधोपचार सोडून देशाबाहेर पाय टाकायचा नाही. तेव्हा तो पन्नास वर्षांचा होता. म्हणजे बंदी संपेपर्यंत सत्तरीचा. मी रिटायर झाले तेव्हा पहिल्या आठवड्यात घर खायला उठलं होतं, आणि मला कुणी काही करायला मनाई केली नव्हती.

अपिलाचा निकाल यायचाय, तुरुंगात न्यायला कधी येतील सांगता येत नाही, अशा मधल्या दिवसांत, मार्च २०११मध्ये हे चित्रण झालं. 'धिस इज नॉट अ फिल्म' असं नाव दिलं, यातला खट्याळपणा वेगळा सांगायला नको. मनाई होती ती दिग्दर्शनाला आणि लिहिण्याला. जुनी, परवानगी नाकारलेली पटकथा नुसती वाचून दाखवायला निकालात मनाई नव्हती. वकिलांनाही सुचली नसती अशी पळवाट.

आता तुझा मुद्दा, की काही घडत नाही. सकाळी तो नाश्ता करतोय. बायको आणि मुलगा नवरोझच्या भेटी द्यायला बाहेर गेलेत, त्यांचा निरोप मशीनवर वाजतो. (आपल्याकडचे पारशी आणि इराणी २१ मार्चला करतात तोच नवरोझ. आणि गंमत बघ, पनाहीचा पहिला मोठा सिनेमा, 'द व्हाइट बलून', नवरोझच्या आधीच्या दीडएक तासातच घडतो. चिमुरडीला सोनेरी मासा हवा असतो, बस. त्याला १९९५ला फ्रान्समधल्या कान महोत्सवात पदार्पणाचं बक्षीस मिळालं.) मग तो वकीलबाईंना फोन लावतो, स्पीकरवर. तुरुंगवास पूर्ण टळेल असं त्यांना वाटत नाही, कमी झाला तर झाला. तो ऐकतो, "बरं" म्हणतो, फोन ठेवतो. मी तिथे थांबवून पुन्हा बघितलं. चेहरा पडत नाही, आवाज चढत नाही. आपल्या घरी रिपोर्ट वाईट आला की तुझे बाबा असेच "बरं" म्हणतात.

घरात एक इग्वाना आहे, म्हणजे मोठा सरडाच, इगी नावाची. चांगली हातभर. ती सोफ्यावरून त्याच्या अंगावर चढते, नखं रुततात, तो तिला समजावतो, ती ऐकत नाही. मग सरळ पुस्तकांच्या कपाटामागे शिरते. शेजारीण कुत्रं सांभाळायला देऊन जाते. त्याचं नाव मिकी. मिकी इगीला बघून असा काही भुंकतो की पनाही मिनिटभरात ते परत देतो. मी हसले, एकटीच. तुला हे फालतू वाटलं असेल. मला वाटलं, जगभरच्या बातम्यांमध्ये ज्याचं नाव 'बंदी घातलेला दिग्दर्शक' एवढंच उरलं होतं, त्याला या दोन प्राण्यांनी पुन्हा माणसात आणलं.

आणि पटकथा. एका मुलीला कला शाखेत प्रवेश मिळालाय, घरच्यांना ते मान्य नाही, ते तिला घरात कोंडतात. पनाही गालिच्यावर चिकटपट्टीने रेघा मारतो: ही तिची खोली, इथे खिडकी, इथून दार. रेघांच्या आत उभा राहून तो वाचायला लागतो, रंगतो, हात हलवतो आणि मध्येच गप्प होतो. सिनेमा सांगूनच भागत असेल तर तो करायचा कशाला, असं काहीसं म्हणतो आणि उठतो. त्या क्षणी शिक्षा काय आहे ते कळतं. न्यायाधीशांचा कागद वाचून कळलं नव्हतं.

मग तो आपले जुने सिनेमे टीव्हीवर लावून दाखवतो. 'द मिरर'मधली मीना, हाताला खोटं प्लास्टर बांधलेली शाळकरी मुलगी, चालत्या बसमध्ये ओरडते की मला नाही करायचं काम, आणि प्लास्टर ओढून काढते. 'क्रिमझन गोल्ड'मध्ये खरोखरच पिझ्झा पोचवणाऱ्या माणसाने काम केलंय. दागिन्यांच्या दुकानाबाहेर त्याच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी सांगून झालं नसतं, असं पनाही कबूल करतो. कागदावर नव्हतं ते नटाने, जागेने दिलं. घरी बसून वाचलेल्या पटकथेत ते कुठून येणार?

आता माझा मुद्दा, ज्यासाठी एवढी शाई घालवली. हे सगळं शूट कोण करतंय, हे तू विचारलंच नाहीस. मोजतबा मीरतहमास्ब. स्वतः माहितीपट करणारा, पनाहीचा मित्र. त्याच्यावर सिनेमा करायची बंदी नव्हती. पनाही त्याला फोनवर "ये, पण जास्त बोलू नकोस" अशा सुरात बोलावतो आणि तो कॅमेरा घेऊन येतो. पनाही सवयीने "कट" म्हणतो तेव्हा हाच त्याला बजावतो, की तू दिग्दर्शन करायचं नाहीस, गुन्हा आहे. दोघं हसतात. कामधंदा नसला की न्हावी एकमेकांचे केस कापतात, ही म्हणही त्याचीच. मग पनाही आपला आयफोन काढून त्याचं चित्रण करतो आणि हा म्हणतो, घे घे, मला पकडलं तर निदान काही तरी राहील.

हे त्याने थट्टेत म्हटलं होतं. सिनेमा २०११च्या मे महिन्यात कानला दाखवला गेला. पेन ड्राइव्ह केकमध्ये लपवून नेला असं सांगतात, आणि लोकांना तो केक बरोबर लक्षात राहतो. मीरतहमास्ब कुणाच्या लक्षात राहत नाही. सप्टेंबरमध्ये आधी त्याचा पासपोर्ट काढून घेतला, मग त्याला आणखी काही माहितीपटकारांबरोबर अटक झाली. परदेशी वाहिनीला मदत केल्याचा आरोप. तो डिसेंबरात सुटला. महोत्सवांमध्ये परीक्षकांच्या रांगेत पनाहीच्या नावाची रिकामी खुर्ची ठेवली गेली, टाळ्या झाल्या, ते योग्यच झालं. मीरतहमास्बसाठी मात्र कुणी स्टूलही ठेवलं नाही, याचा मला अजून राग येतो.

तू एडिटिंग शिकतोयस म्हणून आणखी एक. पडद्यावर सगळं एकाच दिवसात घडल्यासारखं दिसतं, सकाळच्या नाश्त्यापासून रात्रीच्या फटाक्यांपर्यंत. चित्रण मात्र दहाएक दिवसांच्या काळात मिळून चार दिवस केलंय, सगळा खर्च सुमारे ३२०० युरो. म्हणजे कॅमेरा सोडून दिला आणि आपोआप झालं, असं मुळीच नाही. सुरुवातीचा भाग दाखवून झाल्यावर पनाही स्वतःच म्हणतो, की हे मला खोटं वाटतंय, माझंही प्लास्टर काढायला हवं, मीनासारखं. बंदी असलेला माणूस स्वतःच्या माहितीपटातला खोटेपणा ओळखून बोलून दाखवतो. एवढा प्रामाणिकपणा मी मोकळ्या माणसांच्या माहितीपटांत फार कमी पाहिलाय.

शेवट तू बहुतेक पळवत बघितलास. ती चहारशंबे सूरीची रात्र आहे, नवरोझच्या आधीचा शेवटचा मंगळवार. लोक रस्त्यावर शेकोट्या पेटवून त्यावरून उड्या मारतात. सरकारला ते आवडत नाही. मीरतहमास्ब घरी जायला निघतो आणि कॅमेरा चालूच ठेवून जातो. तेवढ्यात कचरा न्यायला एक पोरगा येतो, शिकणारा, नातेवाइकाच्या बदल्यात काम करणारा. पनाही मोठा कॅमेरा उचलतो आणि त्याच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरतो. वीस वर्षांची बंदी लिफ्टमध्ये मोडते. पोरगा त्या धाडीच्या रात्रीची हकीकत सांगायला लागतो, आणि प्रत्येक मजल्यावर दार उघडून "कचरा!" करावं लागतं म्हणून ती हकीकत तुटत राहते. तिथे मिकीची मालकीणही परत भेटते, कुत्र्याला अजून कुणी ठेवून घेतलेलं नाही. खाली फाटकाशी आग दिसते आणि पोरगा म्हणतो, पनाहीसाहेब, बाहेर येऊ नका, कॅमेऱ्यासकट दिसाल.

पुढचं तुला गूगलवर मिळेल, तरी थोडक्यात. बंदीतच 'टॅक्सी' केला, स्वतः टॅक्सी चालवत, आणि २०१५ला बर्लिनचं सर्वोच्च पारितोषिक त्याच्या भाचीने स्टेजवर जाऊन घेतलं. जुलै २०२२मध्ये मोहम्मद रसूलोफ या दिग्दर्शकाला पकडलं, त्याची चौकशी करायला पनाही गेला तर त्यालाच आत घेतलं आणि २०१०ची शिक्षा भोगायला लावली. फेब्रुवारी २०२३मध्ये पुन्हा उपोषण केलं, तेव्हा सुटला. २०२५ला कानचं सर्वोच्च पारितोषिक, पाम द'ओर, मिळालं, 'इट वॉज जस्ट अॅन अॅक्सिडेंट'ला, आणि या वेळी खुर्चीत तो स्वतः बसलेला होता. मुलगा पनाह, तो त्या निरोपातला असावा, तोही दिग्दर्शक झाला. त्याच्या आईचं काय होत असेल ते मला विचार.

तुझे बाबा शेजारून सांगतायत की हेही लिही: इराणचा पहिला बोलपट १९३३ सालचा, 'दुख्तर-ए-लूर', तो आपल्या मुंबईत झाला, 'आलम आरा'वाल्या अर्देशीर इराणींच्या इंपीरियल कंपनीत. त्यांना ही माहिती कुठे तरी घुसडायचीच होती. घुसडली.

आता मामाचं. तू प्रश्नांची यादी पाठवलीस, "तंबोरे बनवताना काय वाटतं?" वगैरे. मामाला काय वाटतं ते तो आजवर मामीलाही बोललेला नाही. यादी घरी ठेव. त्याला भोपळा तासू दे, घोडी घासून जवारी लावू दे, गिऱ्हाइकाशी पैशांवरून घासाघीस करू दे. आणि तू प्रश्न विचारणार, तूच कॅमेरा धरणार, तूच आवाज बघणार, हे मला पटत नाही. भाचा समोर असला की मामा एकतर कौतुक करेल नाही तर लग्नाचं विचारेल. तुझा तो कमी बोलणारा मित्र, दिवाळीत आला होता तो, त्याला घेऊन ये. पोळ्या दोघांच्या करते. कोणत्या गाडीने येताय ते शुक्रवारपर्यंत कळव, मामा दुकान रविवारी दुपारी बंद करतो.

तुझी,
आई