गुलमर्गचा एक दिवस

इंदूर, ४ जानेवारी

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

तुझा श्रीनगरचा बेत बाबांनी मोठ्याने वाचून दाखवला. सकाळी गुलमर्ग, गंडोल्याचे, म्हणजे तिथल्या रोपवेचे, दोन्ही टप्पे, मग स्कीइंग शिकायचं आणि संध्याकाळी दल सरोवरात शिकारा! अरे, हा दिवस आहे की द्रौपदीची थाळी? शिकारा दुसऱ्या दिवसावर टाका. गंडोला आणि स्कीइंग यातलं एकच मुख्य धरा. मला विचारशील तर स्कीइंग.

श्रीनगर ते गुलमर्ग ५० किलोमीटर, म्हणजे इथून उज्जैनइतकंच. पण तो उज्जैनचा रस्ता नव्हे. टंगमर्गच्या पुढचे १३ किलोमीटर निव्वळ चढ, आणि बर्फ असला की चाकांना साखळ्या लावलेली गाडीच वर सोडतात. पुष्कळदा तिथे गाडी बदलावी लागते. तेव्हा टॅक्सी ठरवताना भाडं टंगमर्गपर्यंतचं की थेट वरचं, हे आधी विचारून घे. दिवस पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि दुपारी वितळलेलं पाणी रस्त्यावर पुन्हा गोठतं. चारला गुलमर्ग सोडायचंच. सातला निघालात तरी हातात पाच-सहा तास उरतात, त्यातही चहा, रांगा आणि तुमचे फोटो.

गंडोल्याचा पहिला टप्पा, कोंगडोरीपर्यंतचा, जरूर करा. दुसरा अफरवट डोंगरावर जवळजवळ ३,९५० मीटरवर नेतो. आपलं इंदूर ५५० मीटरवर. तिथे हवा इथल्या दोन-तृतीयांशच, डोकं दुखू शकतं. शिवाय वारा सुटला की तो टप्पा बंदच ठेवतात, त्याच्यावर दिवस टांगून ठेवू नका. तिकीट आधीच ऑनलाइन काढा. "साहेब, मी काढून देतो" म्हणणारे भेटतील, त्यांना हसून नमस्कार.

आता स्कीइंग. वरचे उतार तरबेजांचे, तिथे हिमस्खलनाचा धोका असतो. नवशिक्यांसाठी खालचं मैदान आहे. शिकवणाऱ्याशी तास आणि पैसे आधी बोलून घ्या. बुटात मोजा एकच, लोकरीचा आणि उंच. बाबांनी थंडी वाजेल म्हणून दोन चढवले होते. आतला गोळा होऊन नडगीला असा रुतला की दुसऱ्या दिवशी लंगडत होते. टाच मागे टेकवून मगच बक्कल लावायचं. थांबायचं असेल तर स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करायची. तोल गेलाच तर कुशीवर पड, मागे नको.

जीन्स घालू नकोस, भिजली की वाळत नाही. कोट-बूट टंगमर्गला भाड्याने मिळतात, हातमोजे मात्र स्वतःचे ने. काळा चष्मा हवाच, बर्फावरून येणारं ऊन डोळ्यांना बाधतं. तिकडे बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही. चौघांत पोस्टपेड कुणाचं आहे ते बघ आणि तो नंबर मला पाठव.

चिल्लई कलान, म्हणजे काश्मीरमधला सगळ्यात कडक थंडीचा काळ, चालू आहे, २१ डिसेंबरपासून ४० दिवस. आपल्याकडे पारा आठवर आला की आपण सराफ्याच्या खाऊगल्लीत तळलेला गराडू कंद खायला पळतो, तिकडे नळ गोठतात. संक्रांतीच्या गुळाच्या पोळ्या कुरियरने पाठवते आहे. वर नेशील तर कोटाच्या आतल्या खिशात ठेव, नाहीतर दाताने तुटायच्या नाहीत.

शिकारा कुठल्या दिवशी टाकलास ते आज रात्रीच कळव. बाबा हॉटेलवाल्याशी बोलणार आहेत.

तुझी,
आई