आधी नियम विचारा, मग भांडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खानापूर, निपाणी, चंदगडच्या बसमध्ये तिकिटावरनं भांडणं होणं आता कुणाला नवीन राहिलेलं नाही. ते कुठपर्यंत जातं हे फेब्रुवारी २०२५ मध्ये आपण बघितलंच की, एका कंडक्टरला मारहाण झाली, त्यावरनं कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही राज्यांच्या बसेस अडकल्या आणि ज्यांचा त्या भांडणाशी काही संबंध नाही असली माणसं स्टँडवर ताटकळली. मारहाणीचं समर्थन करायचा प्रश्नच नाही. मला लिहायचंय ते त्याच्या आधीचं, म्हणजे समोरचा माणूस असा का वागायलाय हे आपण इतक्या झटक्यात कसं ठरवतो.

शक्ती योजनेचंच घ्या. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसमधून फुकट जाता येतं, पण कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं आणि कंडक्टरला झिरो तिकीट द्यावंच लागतं. आता समजा चंदगडची एखादी मावशी बाजाराला बेळगावात आली आणि तशीच पुढं खानापूरला लेकीकडं निघाली, तिचं आधार महाराष्ट्राचं, मग कंडक्टर पैसे मागणारच, आणि मागणार ते कन्नडमधून, गर्दीत, घाईत, आवाज चढवून. शेजारी बसलेली खानापूरची बाई मात्र फुकट. मावशीला वाटणार, मी मराठी म्हणून माझ्याकडनं पैसे घेतले. अहो पण ती शेजारीण पण मराठीच की! कंडक्टरनं बघितला तो आधारवरचा पत्ता. आणि पलीकडं पण तीच तऱ्हा, निपाणीहून एसटीनं कोल्हापूरला जाताना बायकांची अर्ध्या तिकिटाची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच असते, हिशोब डोक्यात बसत नाही आणि कंडक्टर लुटायलाय असं वाटतं. तो कंडक्टर तर आपलाच मराठी असतो, मग तिथं कोणती भाषा आडवी आली?

हे फक्त आपलंच आहे असं नाही बरं का. अमेरिकेत १९६७ साली जोन्स आणि हॅरिस या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना क्यूबाचा नेता कॅस्ट्रो याच्या बाजूनं आणि विरोधात लिहिलेले निबंध वाचायला दिले, वर सांगितलं पण की लिहिणाऱ्याला बाजू ठरवून दिली होती, तरी वाचणारे म्हणाले, बाजूनं लिहिलंय म्हणजे याचं मत थोडंफार तसंच असणार. बसमध्ये आपण वेगळं काय करतो? नियम वरनं लावून दिलेला, मशीन पण वरनं दिलेलं, आणि आपण तो कंडक्टरच्या मनातला धरून त्याच्या अंगावर जातो.

हल्ली पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या क्लासमध्ये एनएलपी (न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रामिंग) म्हणून बोलण्या-वागण्याचा एक प्रकार शिकवतात, १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात बँडलर आणि ग्राइंडर या दोघांनी काढलेला. शास्त्र म्हणून त्याला फारसा आधार नाही आणि मी काय त्याचा प्रचारक नाही, पण त्यातली दोन-तीन गृहीतकं मला पटतात. माणूस वाकडं वागला तरी त्याच्या दृष्टीनं त्यात काहीतरी बरं साधायचं असतं, त्याच्याजवळ जेवढं आहे त्यातनं तो जमेल ते करत असतो, आणि आपण काय बोललो ते समोरच्याला काय कळलं त्यावरनं ठरतं. ही दर वेळी खरी असतात असं नाही, पण तसं धरून सुरुवात केली की निदान पुढचं बोलणं तरी होतं. नकाशा म्हणजे मुलूख नव्हे, म्हणजे आपल्या डोक्यातलं चित्र आणि खरी परिस्थिती एकच नव्हे, हे पण ते सांगतात, मूळ वाक्य कोर्झिब्स्की नावाच्या विचारवंताचं, १९३१ सालचं. बेळगावात हे म्हणायचं म्हणजे धाडसच, आपली सगळी लढाईच १९५६ पासून नकाशावरनं चाललीय आणि महाराष्ट्राचा २००४ चा सीमेचा दावा अजून सुप्रीम कोर्टात आहे!

बोललेलं समोरच्याला काय कळलं त्यावरनं ठरतं, याचा अनुभव तर पुण्याचे पाव्हणे आले की घरोघरी येतो, आपण नुसतं "जेवलास काय रे" विचारलं तरी त्यांना वाटतं भांडण लागलं. मग कन्नड कंडक्टरचा चढा आवाज तेवढा अपमान कसा? रविवार पेठेतल्या व्यापाऱ्यांना हे कुणी शिकवलेलं नाही, गिऱ्हाईक ज्या भाषेत भाव विचारेल त्या भाषेत उत्तर, माणूस लगेच सैल होतो.

आता कुणी म्हणेल की मग ऑफिसात मराठी अर्ज परत केला तरी गप्प बसायचं काय? अजिबात नाही. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क आहे, तो सोडायचा नाही. पण अर्ज परत करणारा क्लार्क कदाचित नुसता वरच्या साहेबाला घाबरून करायलाय, त्याच्याशी हुज्जत घालण्यापेक्षा "कुठल्या आदेशानं, तेवढं लिहून द्या" म्हणावं, विषय जिथला आहे तिथं जातो. आणि काही जण मुद्दामच त्रास देतात हे पण खरं, त्यांची लेखी तक्रार करावी, बस नंबर आणि वेळ टाकून.

आपल्याला एक विनंती. शक्ती योजनेत कोणतं ओळखपत्र चालतं, कुणाला लागू नाही आणि एसटीची सवलत हद्दीवर कुठं संपते, एवढं दोन्हीकडच्या डेपोतनं खात्री करून घेऊन चौकटीत मोठ्या अक्षरात छापा, शक्यतो शनिवारच्या बाजाराच्या आदल्या दिवशी. आणि तेच मराठी-कन्नड दोन्हीत बसमध्ये चिकटवा म्हणून डेपो मॅनेजरच्या मागं लागायला आमच्यासारखे वाचक तयार आहेत.

आपला,
एक नियमित वाचक, अनगोळ, बेळगाव