हिंगण्याच्या काका आणि भाऊंना

मे महिन्यातली रात्र, साडेदहा. आमच्या प्रयोगशाळेतला उणे 80 अंशांचा फ्रीझर बंद पडला. आयजेम या सिंथेटिक बायॉलॉजीच्या स्पर्धेसाठी आमच्या टीमने राबून तयार केलेल्या ई. कोलाय या जिवाणूच्या कॉम्पिटंट पेशी त्यात होत्या. बाहेरचा डीएनए आत घेणाऱ्या या पेशी फार नाजूक. एकदा वितळल्या की पुन्हा गोठवून पूर्वीसारख्या राहत नाहीत. डीएनए आत जावा म्हणून त्यांना 42 अंशांचा चटका देतात, तोही मिनिटभराच्या आत. नागपुरात त्या दुपारी पाराच त्याच्या वर होता.

पेशी गोठलेल्या ठेवायला ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड वायू, हवा होता. तीन ठिकाणी नकार मिळाला. हिंगणा एमआयडीसीतल्या तुमच्या फाटकाशी आलो तेव्हा मला रडूच येत होतं. चौकीदार काका, तुम्ही आधी माठातलं पाणी दिलंत, मग आत जाऊन झोपलेल्या भाऊंना उठवलंत.

भाऊ, तुम्ही थर्माकोलचा डबा भरलात, वर रद्दी कोंबलीत, पण झाकणाला चिकटपट्टी लावू दिली नाहीत. गॅस साठला तर डबा फुटेल म्हणालात. मग स्वतःचे हातमोजे काढून मला दिलेत. अंगठ्याजवळ सुतळीने शिवलेले. "गाडीच्या काचा उघड्या ठेवजा बेटा, जीव घाबरते या गॅसनं." नेहमीच्या भावापेक्षा एक रुपयाही जास्त घेतला नाहीत.

पेशी वाचल्या. परवा प्लेटवर त्यांच्याच पहिल्या वसाहती, म्हणजे वाढलेल्या जिवाणूंचे ठिपके, उमटल्या, मोहरीपेक्षाही बारीक. टीममधल्या सगळ्यांनी तुमची आठवण काढली. मनापासून आभार. हातमोजे धुऊन ठेवलेत, रविवारी घेऊन येते.