'चिखल' लिहून घेणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे आलो तेव्हा पार्किन्सनसाठी माझं डीबीएसचं (मेंदूत तार घालून बारीक करंट द्यायचं, डीप ब्रेन स्टिम्युलेशन) ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली होती. मेंदूत दोन्ही बाजूंना एकेक तार, छातीत कातडीखाली बॅटरी. हाताची थरथर थांबली होती, ते खोटं कशाला बोलू? पण बोलणं बसलं होतं. करंट वाढवला की पाय सुटत आणि जीभ जड होई. कमी केला की जीभ सुटे आणि पाय जमिनीला चिकटत. वर पार्किन्सनच्या गोळीचा असर चढला की त्याच करंटवर अंग आपोआप वळवळायला लागे.

हे सांगायचा प्रयत्न आधीच्या ठिकाणी मी चारदा केला. चारही वेळा प्रश्न बायकोला गेला, "यांचा हात हलतो का आता?" ती नाही म्हणाली, झालं काम. फायलीत 'रुग्ण समाधानी' असा शेरा मी स्वतः वाचलाय. वाचता येतं हो मला, बोलायलाच तेवढा वेळ लागतो.

तुम्ही मला विचारलंत, "बोलताना नेमकं काय होतं?" मी शब्द शोधत होतो. बायको माझ्या वतीने सुरू झाली, तेव्हा तुम्ही तिला हातानेच थांबवलंत आणि नुसत्या बसून राहिलात. बऱ्याच वेळाने माझ्या तोंडून निघालं, "चिखल. चिखलातून चालल्यासारखं." तुम्ही त्याचं डॉक्टरी भाषांतर केलं नाहीत. 'चिखल' असंच टाइप केलंत. सहा आठवड्यांनी आलो तर दारातच पहिला प्रश्न, "चिखल किती उरलाय?"

त्या दिवशी गाडीत बसल्यावर मी रडलो. बायकोला वाटलं, गोळी उतरली.

मधल्या काळात तुम्ही जे केलंत त्यातलं मला कळलं ते इतकंच. जुन्या पद्धतीत रात्रंदिवस एकाच जोराचा करंट, सेकंदाला 130 वेळा, मी चालत असो की झोपलेला. नव्या पद्धतीत तीच तार मेंदूतले सिग्नल टिपतेसुद्धा. गोळी उतरली की माझ्या मेंदूतल्या बीटा लहरी (सेकंदाला 13 ते 30 वेळा उठणाऱ्या) फुगतात, चढली की बसतात. फुगल्या की यंत्र करंट वाढवतं, बसल्या की उतरवतं, तुम्ही आखून दिलेल्या मर्यादेत. माझं यंत्र या सोयीचं असल्यामुळे पुन्हा टेबलावर आडवं व्हावं लागलं नाही. सगळ्यांच्या लहरी अशा स्पष्ट मिळत नाहीत, कदाचित माझ्याही मिळणार नाहीत, हे तुम्ही आधीच सांगून टाकलंत. उगीच आशेला लावलं नाहीत.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2013 साली 8 रुग्णांवर हे करून पाहिलं होतं. करंट निम्म्याहून कमी वेळ दिला आणि तरी हालचाली नेहमीच्या पद्धतीपेक्षा जास्त सुधारल्या. युरोप-अमेरिकेत मंजुरी मिळायला मात्र 2025 उजाडलं. या 12 वर्षांबद्दल माझी तक्रार नाही. मेंदूत ठेवायची वस्तू आहे, वेळ लागणारच. पण रुग्णाच्या उत्तरासाठी अर्धा मिनिट थांबायला कुणाच्या मंजुरीची वाट बघायची होती?

आजार जडल्यापासून माणसं ओळखायची माझी एक खूण झाली आहे. माझं वाक्य कोण पुरं करतं आणि कोण मला करू देतं. पुरं करणारे बहुतेक प्रेमळच असतात. बायकोही त्यात आली (हे पत्र ती वाचणार आहे, म्हणून 'प्रेमळ' आधी लिहिलं). करू देणारे थोडे. ते लिफ्टचं दार धरून उभे राहतात आणि तुमच्या पायांकडे बघत नाहीत. रांगेत माझ्यामागे असले तर उसासे टाकत नाहीत. त्यांना हे कुणी शिकवलेलं नसतं बहुधा, आणि आपण काही केलं हे त्यांच्या गावीही नसतं. तुम्हालाही नसेलच, म्हणून हे पत्र.

आजार गेलेला नाही. गोळ्या चालू आहेत, संध्याकाळी अजून अडखळतो. पण परवा नातीला फोनवर अख्खी गोष्ट सांगितली. तिने मध्येमध्ये हुज्जत घातली, राक्षस मारायचा नाही म्हणाली, पण "काय म्हणालात?" असं एकदाही विचारलं नाही.

पुढच्या भेटीत तुम्ही विचारालच, म्हणून आताच सांगून ठेवतो. गुडघ्यापर्यंत होता, आता घोट्यापर्यंत आहे.

आपला,
चिखलवाले काका