देव दमला नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला 'तो' लेख वाचला. बायबलच्या पहिल्याच अध्यायात देवाने माणसाला पृथ्वीवर सत्ता दिली, तेव्हा ख्रिस्ती लोकांचा देव हुकूमशहा आणि जंगलतोडीचं पाप त्याच्या माथी! लेखक व्यासंगी आहेत, भाषाही झोकदार. पण हे सगळं लिन व्हाइट या अमेरिकी इतिहासकाराने १९६७ सालीच म्हणून ठेवलंय. त्याच निबंधाच्या शेवटी व्हाइट यांनी पशुपक्ष्यांना भावंडं मानणाऱ्या असिसीच्या संत फ्रान्सिसला पर्यावरणवाद्यांचा आश्रयदाता संत माना, असंही सुचवलं. ते पान लेखकांच्या हाती लागलेलं दिसत नाही. 'उत्पत्ती' या बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा दुसरा अध्यायही नाही. तिथे माणसाला एदेन बागेत ठेवलंय ते मशागतीला आणि राखणीला.

हे एक वेळ चालेल. देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, असं 'उत्पत्ती'त आहे; त्यावरचा लेखातला टोमणा मात्र झोंबला. 'सर्वशक्तिमान देव सहा दिवसांत दमला' हे मी मुंबईच्या नोकरीत निवृत्तीपर्यंत ऐकलं. सोमवारी मस्टरवर सही करताना शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ हमखास विचारायचे, "काय, तुमच्या देवाचा शीण गेला का?" तेव्हा हसून सोडून द्यायचो. आता छापूनच आलंय, म्हणून उत्तर देतो.

देव दमला म्हणून थांबला नाही. जे झालं ते फार चांगलं आहे असं पाहून थांबला आणि तो दिवस त्याने पवित्र केला. बायबलच्याच 'निर्गम' या पुस्तकातली विसाव्याची आज्ञा याच दिवसाचा दाखला देते, आणि तीत नोकर-चाकर, परका माणूस, अगदी गुरंढोरंसुद्धा येतात. जुलमी मालक गुरांना सुट्टी देतो का हो? आमचा आजा निरक्षर, पण त्याला हे उमगलं होतं. वाडीत केळी आणि पानवेल. शनिवारी संध्याकाळी रहाटाचं जू उतरलं की सोमवारपर्यंत रेडा मोकळा. एका वैशाखात वेल करपायला लागले तेव्हा काका म्हणाला, तासभर तरी जुंपू या. आज्याने ऐकलं नाही. चर्चमधली रविवारची मिस्सा (उपासना) आटोपून आला आणि स्वतः कळशीने पाणी घालत बसला. "आणि तुमच्या विसाव्याचं काय?" म्हणून आजीने त्याला धारेवर धरलं, ते वेगळं.

माणूस देवाच्या प्रतिरूपात घडला, याचा अर्थ इतर जिवांवर निरंकुश हुकूमत असा लावू नका, हे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट सांगितलंय. एवढं लांब कशाला, आमचे इथले धर्मगुरू आणि लेखक फादर दिब्रिटो हरित वसईसाठी लढले ते काय बायबल कपाटात ठेवून?

जाता जाता. त्याच लेखाच्या खाली आमच्याकडच्या टॉवरांची अर्धं पान जाहिरात आहे, 'निसर्गाच्या कुशीत' म्हणे. त्या जागी आधी कोणाच्या वाड्या होत्या, ते जरा तुमच्या जाहिरात विभागाला विचारा. आणि अंक आठच्या आत मिळेल असं बघा. हल्ली दहा वाजतात.

कळावे,
एक वाचक, वसई