व्हॅनची अख्खी बाजू सोलायला लावणाऱ्या दादांना

दादा,

नाव टाकत नाहीये, तुम्हाला चालणार नाही माहितीये. फोनवर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही मध्येच तोडता आणि "ब्लेड बदलतोस ना वेळेवर?" यावर येता, म्हणून शेवटी लिहूनच टाकतोय, आणि सगळ्यांसमोर लिहितोय म्हणजे तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

आपली ओळख म्हणजे मटेरियलच्या काउंटरवरची. मी तिथे कडांना लावायचा प्रायमर, म्हणजे चिकटपणा वाढवणारं द्रव, मागत होतो आणि तुम्ही शेजारी रोल मोजून घेत होता. माझी पहिली मोठी व्हॅन, दोन्ही बाजू पूर्ण ग्राफिक्स, म्हणजे डिझाईन छापलेली चिकट व्हिनाईल फिल्म पत्र्यावर लावलेली, आणि तिसऱ्या आठवड्यात कडा उचलायला लागलेल्या. चाकाच्या वरच्या कमानीला, दाराच्या खाचेत, हँडलच्या खाली. माझं डोकं एवढंच चालत होतं की प्रायमर लावू, दाबू, विषय संपला. तुम्ही न विचारताच माझ्या मोबाईलमधले फोटो मोठे करून बघितलेत आणि तीनच प्रश्न विचारलेत. प्रिंट कधी काढली, लॅमिनेशन, म्हणजे प्रिंटवरचा पारदर्शक थर, कधी केलं, फिल्म कुठली. पहिल्या दोन्हीचं उत्तर एकच होतं, त्याच दिवशी. तिसऱ्याचं उत्तर द्यायला मला रोलचं खोकं आठवावं लागलं, त्यावरूनच तुम्हाला काय ते कळलं असणार.

तुम्ही हसला नाहीत, हे मी विसरणार नाही. दुसरा कोणी असता तर काउंटरवर चार लोकांसमोर माझी चांगलीच घेतली असती.

संध्याकाळी तुम्ही स्वतःची किट घेऊन आलात आणि कुठलंही टूल बाहेर काढायच्या आधी नखाची मागची बाजू सगळ्या कडांवरून फिरवत गाडीला एक चक्कर मारलीत. जिथे नख अडकलं तिथे पेन्सिलीने बारीक खूण. मला वाटत होतं सहा-सात जागा खराब आहेत, तुमच्या खुणा एका बाजूलाच चाळीसच्या पुढे गेल्या. मग म्हणालात, "ही बाजू पूर्ण काढ."

खरं सांगू, त्या क्षणी मला तुमचा राग आला होता. चाळीस जागी प्रायमर लावून दाबलं असतं तर महिनाभर तरी कोणाला कळलं नसतं. मी तसं बोललोही. तुम्ही वाद घातला नाहीत, हीट गन चालू केलीत आणि कोपरा उचलून माझ्या हातात दिलात. फिल्म कोमट करायची, भाजायची नाही, कोन कमी ठेवून पत्र्याला जवळजवळ चिकटून सावकाश ओढायची, झटका मारला की गोंद मागे राहतो. माझा राहिलाच ठिकठिकाणी. तो पुसायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात तुम्ही मला कारणं सांगितलीत, आणि ती इतकी नीट बसलीत की आता मी ती माझ्याकडच्या पोराला तशीच्या तशी ऐकवतो.

सॉल्व्हंट इंकची, म्हणजे उडून जाणाऱ्या द्रावकातल्या शाईची, प्रिंट हाताला कोरडी लागली तरी आतून कोरडी नसते. कमीत कमी 24 तास तिला श्वास घ्यायला द्यायचा, तोही रोल घट्ट गुंडाळून नाही, सैल सोडून. त्याआधी वर लॅमिनेट चढवलं की आतला सॉल्व्हंट बाहेर पडायला जागा शोधतो, वरून बंद, मग तो खाली गोंदात उतरतो, गोंद मऊ पडतो आणि कडा वळतात. मी सकाळी प्रिंट काढून दुपारी लॅमिनेट केलेलं, का तर गिऱ्हाईकाला घाई होती. गिऱ्हाईकाला नेहमीच घाई असते म्हणा.

दुसरं फिल्मचं. मी वापरली ती कॅलेंडर्ड, म्हणजे गरम रोलरमधून दाबत-ताणत पातळ केलेली, तिला तो ताण लक्षात राहतो आणि ऊन लागलं की ती परत आकसायला बघते. सपाट बोर्डाला ती ठीक आहे. खाचा आणि कमानी असलेल्या गाडीला कास्ट फिल्म पाहिजे, ती पातळ ओतून वाळवलेली असते, साधारण 50 मायक्रॉन, तिच्यात असा ताण भरलेला नसतो म्हणून जिथे बसवाल तिथे बसते. म्हणजे बसवल्यावर गरम केली तर! खाचेत ताणून बसवलेली जागा शेवटी परत तापवायची, 90 अंशांच्या पुढे, 100 च्या आसपास, आणि ते अंदाजाने नाही तर इन्फ्रारेड थर्मामीटरने बघून, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. मी नुसता हात लावून "गरम झालं" म्हणत होतो. त्या दिवशी तुम्ही थर्मामीटरचा लाल ठिपका खाचेवर धरलात, आकडा आला 62, आणि माझ्याकडे नुसतं बघितलंत.

तिसरं कारण तर लाज वाटण्यासारखं आहे. गाडी मी त्याच सकाळी धुतलेली. दाराच्या रबराच्या आत पाणी होतंच, हीट दिल्यावर ते बाहेर आलं आणि थेट गोंदाखाली गेलं. आता गाडी आदल्या दिवशीच धुऊन उभी असते. लावायच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन फडकी, एकाने ओलं पुसायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्याने कोरडं करायचं. नाहीतर पॉलिशचं मेण निघत नाही, नुसतं इकडचं तिकडे होतं.

हे सगळं झाल्यावर मला वाटलं आता नवीन प्रिंट काढायची, चिकटवायची, झालं. पण तुम्ही माझं डिझाईन उघडायला लावलंत आणि मला वाटतं खरी मदत तिथून सुरू झाली.

गाडीवर "सजावट" शब्द मोठ्ठा होता. "सजा" सरकत्या दारावर आणि "वट" मागच्या पत्र्यावर. तुम्ही काही न बोलता ते दार सरकवून मागे नेलंत. "वट" झाकला गेला. तीन आठवडे माझ्या गिऱ्हाईकाची गाडी माल उतरवताना दरवेळी रस्त्यावर "सजा" दाखवत उभी होती आणि त्यालाही कळलं नाही आणि मलाही. तुम्ही एवढे हसलात की तुम्हाला स्टुलावर बसावं लागलं, मी पण हसलो पण माझं हसू जरा उशिरा आलं.

मग शिरोरेषा. इंग्रजी अक्षरं दोन पत्र्यांच्या फटीवर आली तर फट दोन अक्षरांच्या मध्ये ढकलता येते, देवनागरीत ती सोय नाही, वरची रेघ फट ओलांडून जाणारच. अर्धा मिलिमीटर वरखाली झाली तरी डोळ्याला तीच दिसते. म्हणून शब्द आधी मास्किंग टेपने दोन्हीकडे टांगून, लांब जाऊन बघून मग बसवायचा. आणि मी लेव्हल लावून रेघ एकदम सरळ मारायला निघालो होतो तेव्हा तुम्ही लेव्हल काढूनच घेतलीत, म्हणालात गाडी कुठे सरळ असते, बॉडी लाईन, म्हणजे पत्र्यावरची लांब घडीची रेघ, धर. लेव्हलने सरळ असलेली रेघ गाडीवर घसरल्यासारखी दिसते हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

अजून एक, वेल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं एकमेकांत जोडणं. मी टाईप केलेला शब्द कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारात, नेऊन डायरेक्ट प्लॉटरला, म्हणजे व्हिनाईल कापायच्या मशीनला, पाठवायचो. मराठी फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा पुढच्या अक्षरावर थोडी चढलेली असते, स्क्रीनवर दिसत नाही, पण ब्लेड तिथे प्रत्येक जोडावर उभी चीर मारतं. वर्षभर मला वाटत होतं प्लॉटर खराब आहे! सगळं सिलेक्ट करून एकजीव करायचं, चार सेकंदांचं काम. आणि मग आउटलाईन मोडमध्ये बघायचं की क, भ, ण यांच्या पोटातली जागा आणि गाठी भरून तर नाही गेल्या. काढणी करताना, म्हणजे नको ते व्हिनाईल उपसताना, अनुस्वार त्याच्याबरोबर निघून येतो तो वेगळाच वैताग. एकदा माझ्याकडून "रंग"चा "रग" झालेला, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं, आता सांगतो.

उंचीचा हिशोब पण तुमचाच वापरतो, 10 फुटांना 1 इंच, म्हणजे 100 फुटांवरून आरामात वाचायचं तर 10 इंचाचं अक्षर, आणि ती उंची शिरोरेषेपासून खाली धरायची, मात्रा-वेलांट्या धरून नाही. गिऱ्हाईकं वेलांटीसकट मोजतात आणि मग अक्षर बारीक का दिसतंय विचारतात.

त्या बाजूचं काम दोन दिवसांनी आपण परत केलं, म्हणजे तुम्ही बहुतेक वेळ खुर्चीत बसून होता. खालचा तुकडा आधी, वरचा त्याच्यावर चढवायचा म्हणजे पाणी आत शिरत नाही, आणि पुढचा तुकडा मागच्यावर म्हणजे वारा कड उचलत नाही, कौलांसारखं. कोपरे गोल, टोकदार कोपरा सगळ्यात आधी सुटतो. पत्र्यावर कटर चालवायचाच नाही, त्याऐवजी आधी धाग्याची टेप लावायची आणि तो धागा ओढून फिल्म कापायची. स्क्विजीचा, म्हणजे फिल्म दाबून बसवायच्या पट्टीचा, आवाज बदलला की तुम्ही मान वर न करता "फेल्ट" म्हणायचात, म्हणजे तिच्या कडेचं मऊ कापड. फेल्ट झिजलेलं असायचंच. ते कसं ऐकू येतं मला अजून कळलेलं नाही, मी अजून बघूनच ठरवतो.

नंतर ते लाईटच्या अक्षरांचं. तेव्हा तुम्ही आला पण नाहीत, मी नुसता फोटो पाठवला, आत एलईडी असलेली ॲक्रेलिकची अक्षरं, पावसानंतर एकच शब्द अर्धा विझलेला. तुम्ही उलट विचारलंत, "उकारात भोक आहे का?" नव्हतं. मी पाणी निघायला भोकं पाडली होती ती सगळी उभ्या काना-दांडीच्या तळाला, आणि उकाराची वाटी मात्र तशीच, पाणी तिथे साठून एलईडीचं मॉड्यूल बुडालेलं. प्रत्येक खोलगट भागाचा सगळ्यात खालचा बिंदू शोधून भोक पाडायचं, शब्दाचा नाही. आता मी अक्षर उलटंसुलटं करून आत थोडं पाणी ओतूनच बघतो, लाईट बसवायच्या आधी. ॲक्रेलिकच्या शीटला स्क्रूची भोकं जरा मोठी ठेवायची हेही तेव्हाच सांगितलंत, आठ फुटी शीट 30 अंशांच्या फरकाने 5 मिलिमीटर वाढते, तिला हलायला जागा नसली की ती भोकापासून तडकते.

त्या व्हॅनवाल्याला मी सगळं खरं सांगितलं होतं, तुम्ही सांगायला लावलंत म्हणून, नाहीतर मी ऊन, पाऊस, कंपनी असं काहीतरी ठोकून दिलं असतं. तो चिडला, दोन दिवस गाडी बंद म्हणून बोलला बरंच. दुसरी बाजू मात्र मी तुम्हाला न विचारता, माझी मीच काढून परत केली. एकट्याने चार दिवस लागले.

आणि गेल्या आठवड्यात तो दुसरी गाडी घेऊन आला. उद्या पाहिजे म्हणाला. मी म्हटलं प्रिंटच उद्या वाळत राहणार, परवाच्या आधी हात लावत नाही. थांबला.

तर दादा, येत्या रविवारी ती दुसरी गाडी बाहेर काढतोय. तुमची निळी स्क्विजी त्या दिवसापासून माझ्याकडेच आहे, फेल्ट नवीन लावलंय. न्यायला या, आणि नख फिरवून बघा.